चेनसॉची पँट लांब होतीय, टेलरकडं देऊ का?

वाचकाचं पत्र, नाव-गाव गाळून थोडक्यात:

"ताई, मी खानापूर तालुक्यातला, वय ३१. तिघं मिळून झाडं कापायची कामं घेतो. मी, माझा मोठा भाऊ आणि चुलतभाऊ. निलगिरी, अकेशिया, बांधावरचे सिल्व्हर ओक, कधी घरावर वाकलेला फणस नाहीतर आंबा. मशीन पेट्रोलचं चेनसॉ, म्हणजे फिरत्या चेनची करवत, बहुतेक मीच धरतो, दमलो की चुलतभाऊ. मध्यंतरी ओळखीतल्या एकाच्या मांडीला चेन लागली, तेव्हापासून बायको मागं लागली म्हणून चेनसॉची सेफ्टी पँट ऑनलाईन मागवली. जीन्स ३६ कमरेची लागते म्हणून साईज ५२ घेतली. कमरेला बसली खरं पाय चार-पाच इंच लांब होतोय, खाली नुसत्या चुण्या, चालताना अडकतंय. माझी उंची ५ फूट ४. गावातला टेलर म्हणतोय तासाभरात कापून देतो. दादा म्हणतो वीस वर्षं हाफ पँटीवर काम केलं, काय झालं नाही, क्रिकेटचं पॅड बांधून झाड तोडणारा तू पहिलाच. चुलतभाऊ ६ फुटाला टेकलेला आणि काडीसारखा, त्याला लांबी बरोबर खरं कमरेत दोन माणसं मावतील. एकच पँट तिघांत वापरायचा विचार होता. परत पाठवायची मुदत अजून हाय. कापून घेऊ, परत करू, का दोन जीन्स एकावर एक घालून भागवू?"

भाऊ, पँट अजून टेलरकडं दिली नसेल तर देऊ नका. दिली असेल तर हे वाचायचं इथंच थांबवून त्याला आधी फोन लावा, बाकीचं मागनं वाचलं तरी चालतंय.

कारण सांगते. माझं माहेर सॉमिलवाल्यांचं, लाकूड आणि ते कापणारी माणसं बघतच वाढले, खरं ही पँट आतनं कशी असते ते वापरणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि म्हणूनच ती टेलरकडं जाते. लोकांना वाटतं आत काहीतरी कठीण असणार, त्यावर चेन आपटून मागं फिरणार. तसं काही नसतंय. वरचं कापड फाटतंच. त्याच्या आत पॉलिस्टर, पॉलिप्रॉपिलीन नाहीतर अरामिड असल्या चिवट धाग्याचे लांबच लांब दोरे थरावर थर सैल ठेवलेले असतात. चेनचा दात कापडातनं आत शिरला की हे दोरे ओढून घेतो, ते चेनबरोबर मशीनच्या पोटात जातात, चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाला, म्हणजे स्प्रॉकेटला गुंडाळतात आणि चेन जाम होते. सगळं निमिषात. नंतर क्लचचं कव्हर खोललं की आत पांढऱ्या दोऱ्यांचा घट्ट गुंता बसलेला असतो, पकडीनं एकेक पुंजका ओढून काढायला चांगला वेळ जातो, आणि पँटीच्या भोकातनं तेच दोरे मूठभर बाहेर लोंबत असतात. ती पँट त्यानंतर गेलीच म्हणून समजा, तिचं काम एकदाच.

म्हणजे सगळा खेळ दोरे मोकळेपणानं ओढले जाण्यावर हाय. म्हणून तो पॅड पँटीला कडेकडेनंच धरलेला असतो, मधे कुठं टीप नसते. आता तुमचा टेलर काय करणार? चार इंच पाय कापणार, त्याबरोबर पॅडचं खालचं टोकही कापणार, मग पट्टी दुमडून कापडासकट त्या दोऱ्यांवरनं मशीनची टीप मारणार. घोट्यापासून वर नडगीपर्यंत जो भाग पॅडनं झाकायचा त्याची रचनाच त्यानं मोडली. आणि बाहेरनं बघितलं तर काम एकदम सफाईदार दिसणार, हेच जास्त वाईट, कारण तुम्ही भरवशानं घालून जाणार.

आता तुमच्या "चार-पाच इंच"कडं येते, कारण मला ते मापच पटलेलं नाही. राग मानू नका. कमर ३६ जीन्सची, म्हणजे ती पोटाच्या खाली बेल्ट आवळून घालायची कमर. आपल्याकडं चाळिशीच्या आतबाहेरच्या निम्म्या बाप्यांची तीच कमर असते. ही पँट जीन्ससारखी हलकी नसते, दोरे भरलेली जड असते, आणि पोटाखाली बेल्टवर टांगली की पहिल्या दहा मिनिटांत दोन-अडीच इंच खाली सरकते. मग काय होतं, आसन खाली लोंबतं, गुडघ्यासाठी वाकण दिलेला भाग नडगीवर येतो, पाऊल उचललं की मांडीला ओढ बसते आणि खाली चुण्या पडतात. बघणारा म्हणतो पाय लांब हाय. अहो पाय थोडा लांब असेल, खरं सगळी पँटच घसरलीय त्याचं काय?

म्हणून आज एवढं करा. गॅलिस आणा, म्हणजे खांद्यावरनं पँट धरणारा पट्टा, चांगला रुंद पट्टीचा, मागं वाय आकाराचा. या पँटींना बहुतेक कमरपट्टीवर गॅलिसची बटणं आधीच असतात, बघा तुमच्याला हायत का. कामाचे बूट घाला, पँट बेंबीच्या जवळपास जिथं तिची जागा हाय तिथं वर ओढा, गॅलिस लावा, बेल्ट काढून ठेवा. मग घरात नाही, अंगणात, खरं काम करताना जे करता ते करून बघा: खाली बुंध्याशी कट घ्यायला बसतो तसं उकिडवं बसा, एक पाय ओंडक्यावर टाका, ओंडका ओलांडा, वाकून उठा. परत सरळ उभं राहा आणि आता खाली बघा किती लांब हाय ते. लांबी आरशासमोर ताठ उभं राहून ठरवायची गोष्टच नव्हे. बसल्यावर पँट वर चढते, तेव्हाही तिनं बुटाचा वरचा काठ झाकला पाहिजे, मधे मोजा दिसता कामा नये. आणि उभं राहिल्यावर टाचेखाली येता कामा नये. या दोन्हीच्या मधे जी लांबी येते ती तुमची.

अजून एक बघायचं, जे कोण बघत नाही. उकिडवं बसून उठल्यावर पाय कडेनं चाचपा, पॅडची कड बोटाला लागते. ती बसायच्या आधी जिथं होती तिथंच हाय का फिरली? साधी पँट बहुतेक टाईप ए असते, तिच्यात पॅड पायाच्या पुढच्या अंगाला असतो आणि त्याशिवाय दोन्ही पायांच्या डाव्या बाजूला ५ सेंटीमीटरची जादा पट्टी, म्हणजे डाव्या पायाला बाहेरनं आणि उजव्याला आतनं. उगंच तशी केलेली नाही. मशीन उजव्या हातात मागचं हँडल आणि डाव्यात पुढचं असं धरतात, डावखुऱ्यानंही तसंच धरायचं असतं, आणि पायाला लागतं तेव्हा डावा पाय जास्त सापडतो. आता पाय ढगळ असला तर पँट पायाभोवती फिरते, आणि फिरली की ती ५ सेंटीमीटरची पट्टी मागं पोटरीकडं जाते आणि जिथं पाहिजे तिथं नुसतं कापड उरतं. तुमच्या चुलतभावाला म्हणूनच ती पँट नको. त्याला लांबी बरोबर हाय म्हणता खरं त्याच्या काडीसारख्या पायाभोवती ती गरागरा फिरणार.

दादांना हे सांगा की क्रिकेटच्या पॅडचं त्यांनी बरोबरच ओळखलं. पॅड फिरून पोटरीवर गेला तर तो बांधून फायदा काय?

गॅलिस लावल्यावर समजा दोनेक इंच लांबी जादा उरली. मग खालच्या काठापासनं वर हात फिरवत या, पॅड कुठं संपतो ते लागेल. नियमानं पॅड काठापासनं जास्तीत जास्त ५ सेंटीमीटर वर सुरू झाला पाहिजे, म्हणजे काही पँटींत खाली दीड-दोन इंच नुसतंच कापड मिळतं, काहींत अजिबात नाही. तेवढं मोकळं कापड असेल आणि पँटीबरोबर आलेल्या कागदात खालून आखूड करायला परवानगी दिलेली असेल तर तेवढंच आतल्या बाजूला दुमडून हातानं टाचून घ्यायचं, पॅडला सुई लागू द्यायची नाही. कागदात नको लिहिलं असेल तर नको. बाहेरनं घडी घालून फिरायचंही काढू नका, त्यात भुसा भरतो आणि काटक्या अडकतात, आणि चालू मशीन हातात असताना अडखळायचं म्हणजे कशासाठी पँट घेतली तेच विसरलं.

मला विचाराल तर तुमच्या उंचीला एवढ्यानं भागायचं नाही. ५ फूट ४ ला नेहमीच्या लांबीची युरोपियन मापाची पँट लांबच होणार. खरं याच पँटी आखूड पायाच्याही मिळतात, कंपनीप्रमाणं ५ ते ७ सेंटीमीटर कमी, साईजपुढं 'शॉर्ट' लिहिलेलं असतं. बहुतेक जण ते बघतच नाहीत, नुसता आकडा बघून बटण दाबतात. मुदत हाय तर परत पाठवा आणि शॉर्ट मागवा. साईज ठरवताना मात्र जीन्सचा आकडा विसरा. तो आकडा ३६ असला म्हणजे कमर ३६ इंच असतेच असं नाही. युरोपियन आकड्यातनं १६ वजा केले की साधारण इंचातली कमर येते, ५२ म्हणजे ३६, ५४ म्हणजे ३८, हे ठीक, खरं ती कमर कुठं मोजली त्यावर सगळं हाय. पोटाखाली ३६ असलेला माणूस बेंबीपाशी ३८-३९ भरतो. टेप घ्या, गॅलिस लावल्यावर पँट जिथं बसणार तिथं मोजा, श्वास आत न ओढता. दुसरं माप आतल्या पायाचं, जांघेपासून घोट्याच्या खाली बुटाच्या टाचेच्या वरपर्यंत, बूट घालून, आणि हे माप दुसऱ्यानं घ्यायचं, आपणच वाकून घेतलं की चुकतंच. तिसरं मांडीचं घेर, उकिडवं बसून, कारण बसल्यावर मांडी फुगते आणि नेमकी तिथंच पँट आवळते. तिन्ही मापं कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा. कमरेला थोडी सैल चालेल, गॅलिस धरतो. मांडीला आवळलेली चालायची नाही, आवळली तर माणूस बसायच्या ऐवजी वाकूनच कट घ्यायला लागतो.

आता तिघांत एक पँट. ५ फूट ४ आणि ६ फूट या दोघांना बसणारी एक पँट जगात कुठं शिवलेली नाही, त्यामुळं तो विचार सोडून द्या. आणि तिघांना लागतेच असंही नाही. मशीन कोण धरतो? तुम्ही आणि कधीमधी चुलतभाऊ. दादा दोर ओढत, फांद्या सारत असतील, तर त्यांना पँटीपेक्षा हेल्मेट आणि अंतर जास्त उपयोगी. झाड पडत असताना कापणाऱ्याशिवाय बाकीच्यांनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब राहायचं असतं. पन्नास फुटी निलगिरी म्हटली की शंभर फूट, आणि आपल्याकडं दोर ओढणारा कुठं उभा असतो ते मी सांगायला नको. दोर लांब घ्या, तो पँटीपेक्षा स्वस्त हाय.

चुलतभावासाठी चॅप्स बघा. चॅप्स म्हणजे तोच दोऱ्यांचा पॅड, खरं पँटीसारखा चढवायचा नाही, आपल्या साध्या पँटीवर पुढनं बांधायचा, कमरेला बेल्ट आणि पायामागं क्लिपा. बारीक माणसाला हे चांगलं पडतं कारण कमर आवळता येते, क्लिपा ओढून पायाला घट्ट बसवता येतात, आणि मागनं उघडे असल्यामुळं उन्हाळ्यात जीव घुसमटत नाही. त्यातही लांबी बघून घ्यायची, कमरेच्या बेल्टपासनं पुढनं बुटाच्या वरच्या अंगापर्यंत मोजून, ६ फुट्याला आखूड चॅप्स आले तर घोट्याच्या वर वीतभर नडगी उघडी. क्लिपा सगळ्या लावायच्या, खालची एक लावायचा कंटाळा केला की चॅप फडफडतो आणि झुडपात अडकतो. आणि झाडावर चढायला चॅप्स नकोत, अजिबात. फणसावर चढून मशीन चालवणार असाल तर तिथं पाय कसाही, कुठल्याही बाजूनं चेनसमोर येऊ शकतो, त्याला टाईप सी पँट असते, पायाला चहूबाजूनं पॅड. ती गरम होते, जड होते, आणि चढून कापणं हे शिकून करायचं काम हाय, दोर-हार्नेसशिवाय करायचंच नाही. त्यावर एकदा वेगळं लिहीन. तारांजवळची फांदी असेल तर आधी हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला सांगून लाईन बंद करून घ्यायची, पँट करंट अडवत नाही.

दोन जीन्सचं उत्तर एका ओळीत: नाही. जीन्सचा धागा आखूड आणि कापसाचा, चेन तो कापत जाते, ओढून आत घेत नाही, त्यामुळं जाम व्हायचा प्रश्नच नाही. दोन घाला, चार घाला. वर चिंध्या आणि भुसा जखमेत जातो ते वेगळंच. बेळगावात उद्यमबागेतल्या सेफ्टीच्या दुकानात फाउंड्रीवाल्यांचे चामड्याचे ॲप्रन आणि लेगगार्ड मिळतात, आपली माणसं ते बघून म्हणतात हे तर जाड हाय, हेच घेऊ. ते ठिणगी आणि उष्णतेसाठी असतात, चेनसाठी नव्हेत. 'कट रेझिस्टंट' लिहिलेलं कापड पण पातं, पत्रा असल्या गोष्टींसाठी तपासलेलं असतं, फिरत्या चेनसाठी नव्हे. जाडीवर जाऊच नका, लेबलवर जा.

लेबलवर काय बघायचं? आत शिवलेलं लेबल पाहिजे, त्यावर चेनसॉचं चित्र, ११३९३-२ हा आयएसओचा नंबर, जुन्या मालावर ईएन ३८१-५, टाईप कुठला आणि क्लास कुठला. क्लास म्हणजे चेन किती वेगानं फिरत असताना तपासलंय ते: क्लास ० म्हणजे सेकंदाला १६ मीटर, १ म्हणजे २०, २ म्हणजे २४, ३ म्हणजे २८. लेबलच नसेल आणि फोटोत नुसता नारिंगी-काळा रंग असेल तर ती नुसतीच नारिंगी-काळी पँट.

आणि इथंच दादांच्या वीस वर्षांचा हिशोब निघतो. तुमच्या मशीनला पॉईंट ३२५ इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) चेन आणि सात दातांचं स्प्रॉकेट असेल तर एका फेऱ्यात साधारण साडेअकरा सेंटीमीटर चेन पुढं जाते. इंजिन मिनिटाला १०,००० फेरे करत असेल तर सेकंदाला १९ मीटर झाले, म्हणजे ताशी जवळजवळ ७० किलोमीटरनं दात पळतायत. हवेत पूर्ण रेस दिली की त्याहून जास्त. आता मला सांगा दादांची ती वीस वर्षं सगळी चेनसॉवर गेलीत का? त्यातली किती कुऱ्हाड, कोयता आणि दोघांनी ओढायच्या करवतीवर गेली? त्यांच्या हाताला झाड कळतं, कुठं कलणार, आतनं पोकळ हाय का, वारा कसा लागेल, हे तुम्ही त्यांच्याकडनंच शिकायचं आणि त्यांना तसं सांगायचंही. खरं मशीन हे त्यातलं नव्हे. कुऱ्हाड चुकली तर एक घाव बसतो, चेन लागली तर ॲक्सिलरेटरवरचं बोट सुटेपर्यंत कितीतरी दात जाऊन आलेले असतात. आणि किकबॅक, म्हणजे बारचं, चेन ज्या पट्टीवर फिरते तिचं, टोक वरच्या बाजूनं कुठं टेकलं की मशीन उसळून मागं येतं, त्याला अनुभवी-बिनअनुभवी कळत नाही. दादांशी वाद घालून उपयोग नाही, मोठ्या भावाला चारचौघांत हरवलं की तो पँट तर घालायचा नाहीच वर मशीनही तुमच्या हातातनं काढून घेईल. एकच ठरवा: मशीन ज्याच्या हातात त्याच्या अंगावर पँट नाहीतर चॅप्स, मग तो कोणीही असो. दादांनी मशीन मागितलं तर पँट पुढं करायची, बोलायचं काही नाही.

क्लास १, टाईप ए, तुमच्या जमिनीवरच्या कामाला हेच घ्या. जास्त क्लास म्हणजे जास्त थर, जास्त थर म्हणजे जास्त जड आणि गरम. दुकानदार म्हणेल क्लास ३ घ्या, एकदम सेफ. आपल्याकडं ही कामं जास्त करून होळीपासनं मिरगापर्यंत निघतात, भर उन्हात ती पँट घालून माणूस अकरा वाजता घामाघूम होऊन काढून फेकणार आणि उरलेली दोन झाडं हाफ पँटीवर तोडणार, त्यापेक्षा हलकी क्लास १ दिवसभर अंगावर राहिलेली बरी. क्लास म्हणजे एवढ्या वेगाला चेन थांबणारच अशी गॅरंटी नव्हे, मशीनची ताकद, चेनची धार, किती जोरानं आणि कुठल्या कोनात लागली यावर फरक पडतो. बॅटरीचं किंवा वायरचं मशीन घ्यायचा विचार असेल तर ध्यानात ठेवा, इलेक्ट्रिक मोटर कमी फेऱ्यांतही जोर धरते, दोरे गुंतले तरी पेट्रोल इंजिनासारखी लगेच बंद पडेलच असं नाही. पँटीच्या कागदात त्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा.

उन्हासाठी कामाची वेळ बदला. सहाला सुरू करून साडेदहाला मशीन ठेवायचं, परत चारनंतर. मांडीमागं झिप उघडली की हवा यायला जाळी असलेल्या पँटी मिळतात, त्यांनी बराच फरक पडतो. आत सुती पातळ चड्डी, आणि आमसुलाचं पाणी मीठ-साखर घालून बाटलीभर बरोबर, चहावर काम ओढायचं नाही. उलट पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडं काम घेतलं तर ही पँट भिजून शिशासारखी होते, वाळायला दोन दिवस लागतात, तेव्हा पडलेली झाडं काढायची असतील तर वरनं पाण्याची पँट लागेल आणि ती ढगळ नको.

धुणं. हे बायकोला वाचून दाखवा, नाहीतर स्वतःच धुवा म्हणजे बरं. दगडावर आपटायची नाही, ब्रशनं घासायची नाही, पिळायची नाही. आत दोरे गोळा होऊन एका बाजूला जातात, वरनं हात फिरवला की गाठी लागतात आणि मधे मोकळ्या जागा. लेबलवर जेवढं लिहिलंय तेवढंच कोमट पाणी, साधी पावडर, ब्लीच नाही, कम्फर्ट-बिम्फर्ट अजिबात नाही, इस्त्री नाही, काही धागे इस्त्रीच्या उष्णतेला वितळतात. सावलीत उलटी वाळत घालायची. चेनचं तेल सांडून पॅड तेलकट झाला की दोरे एकमेकाला चिकटतात आणि सुटत नाहीत, म्हणून तेल भरताना मशीन मांडीवर घ्यायची सवय असेल तर मोडा. पावसाळ्यात माळ्यावर टाकून देऊ नका, उंदराला आतला पॅड फार आवडतो. काट्यानं नुसतं वरचं कापड फाटलं असेल तर फक्त वरच्या कापडाला हातानं टाका घालायचा. आतले दोरे दिसायला लागले किंवा चेन जराशीही लागली तर पँट बाद, कितीही नवी असली तरी.

आणि बूट. पत्रात बुटाचा शब्दच नाही म्हणून मला शंका यायलीय. पँट घोट्यापर्यंतच राखते. रबरी चपलेवर ही पँट घालायची असेल तर पैसे वाचवा. चेनसॉचे वेगळे बूट असतात, ते लगेच जमत नसतील तर निदान उंच काठाचे, पुढं स्टीलची टोपी असलेले, पकड चांगली असलेले घ्या, टोपी फक्त बोटं राखते हे ध्यानात ठेवून.

टेलरमामांना नाराज करायचं नसेल तर त्यांना एक काम हाय. नवी शॉर्ट पँट आली आणि तिला गॅलिसची बटणं नसली तर कमरपट्टीवर, फक्त कमरपट्टीवर, पुढं चार आणि मागं दोन बटणं जाड दोऱ्यानं लावून घ्या. सुई पट्टीच्या खाली उतरली नाही एवढं तिथं उभं राहून बघा.